ॲड्रिनलिन बनतं शेजाऱ्याच्या भरवशावर

अचानक कुत्रा अंगावर धावून आला की काळजात धस्स होतं, छाती धडधडते, यात ॲड्रिनलिनचा मोठा हात असतो हे बहुतेकांना माहीत असतं. पण ते ॲड्रिनलिन बनायला एका स्टेरॉइडची मदत लागते, आणि मला तर ही गोष्ट फारच भारी वाटते.

दोन्ही किडन्यांवर टोपीसारखी एकेक ॲड्रिनल ग्रंथी बसलेली असते, वजन जेमतेम 4-5 ग्रॅम. बाहेरच्या पिवळसर थरात कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड बनतं, आतल्या गाभ्यात ॲड्रिनलिन. गाभ्यातल्या पेशी खरं तर मज्जासंस्थेच्या कुळातल्या, त्या आधी नॉरॲड्रिनलिन बनवतात आणि मग पीएनएमटी नावाचं एन्झाइम त्याला एक मिथाइल गट चिकटवतं की झालं ॲड्रिनलिन. म्हणजे सगळं या एका प्रोटीनवर अडलेलं.

आता गंमत बघा, बाहेरच्या थरातून आलेलं रक्त गाभ्यातून वाहत जातं, त्यामुळे बाकी शरीराच्या कितीतरी पट जास्त कॉर्टिसॉल या पेशींना मिळतं. ते चरबीत विरघळणारं असल्यामुळे पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतं, आत त्याला पकडणारं प्रोटीन, म्हणजे रिसेप्टर, वाट बघतच असतो, त्याला जाऊन बसलं की जोडी केंद्रकात जाते, पीएनएमटीच्या जीनजवळ डीएनएवर ठरलेल्या जागी चिकटते आणि त्या जीनच्या आरएनए प्रती भराभर निघायला लागतात. त्या प्रतींवरून रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रोटीन बनवणारे कारखाने, एन्झाइम तयार करतात. याला वेळ लागतो बरं का, तास-दोन तास तरी, म्हणून कुत्रा आल्यावर जे ॲड्रिनलिन सुटतं ते आधीच बनवून साठवलेलं असतं.

1960च्या दशकात रिचर्ड वुर्टमन आणि ज्युलियस ॲक्सेलरॉड या शास्त्रज्ञांनी उंदरांची पिट्युटरी, म्हणजे ॲड्रिनलला स्टेरॉइड बनवायचा हुकूम देणारी मेंदूखालची ग्रंथी, काढली, कॉर्टिसॉलसारखं त्यांचं स्टेरॉइड आटलं आणि हे एन्झाइम एकदम घसरलं, स्टेरॉइड भरपूर डोसमध्ये दिल्यावर ते परत वाढलं.

माणसातही हेच दिसतं. काही मुलांना जन्मतःच कॉर्टिसॉल नीट बनवता येत नाही, त्यांच्यात व्यायामानंतरही ॲड्रिनलिन हवं तेवढं वाढत नाही. गोळ्या चालू असल्या तरी ही कमी राहतेच, कारण गोळीतलं स्टेरॉइड अख्ख्या शरीरात पसरून, पातळ होऊन गाभ्यापर्यंत पोचतं, शेजारच्या थरातून मिळणारा तो घट्ट डोस काही त्याला गाठता येत नाही.