टेस्टरने मॉस्फेट ओळखला म्हणजे तो चांगला, असं नाही

स्वस्त कंपोनंट टेस्टरने पाय बरोबर दाखवले की मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) अस्सल आणि धडधाकट, ही समजूत चुकीची आहे. एटीमेगा 328 या मायक्रोकंट्रोलर चिपवर चालणारा हा टेस्टर 5 व्होल्टच देतो, तेही 680 ओहमच्या रेझिस्टरमधून: जेमतेम 7 मिलिअँपिअर. आयआरएफझेड44एन हा मॉस्फेट 50 व्होल्टला लीक होतो का, 10 अँपिअरला तापतो का, हे त्याला कळणार कसं?

कामाचा आकडा मात्र बहुतेकजण वाचतच नाहीत: गेटची, म्हणजे मॉस्फेट चालू-बंद करणाऱ्या पायाची, कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता). आयआरएफझेड44एनच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) ती 1470 पिकोफॅरड आहे, ड्रेनवर (करंट आत येतो त्या पायावर) 25 व्होल्ट असताना. टेस्टर इतके व्होल्ट देत नाही, म्हणून त्यावर त्याहून जास्तच दिसायला हवी. तीन-चारशेच दिसली तर आत छोटी चिप असल्याचा, म्हणजे पार्ट नकली असल्याचा, दाट संशय घ्या.

खात्रीसाठी गेटला 10 व्होल्ट देऊन ड्रेनमधून 5 अँपिअर सोडा. ड्रेन आणि सोर्स (करंट बाहेर जातो तो पाय) यांच्या मुळाशी मोजलेलं व्होल्टेज, पार्ट थंड असताना, 90 मिलिव्होल्टच्या आत हवं.