आघात व कुटुंब समुपदेशन: येण्यापूर्वी वाचावे असे काही

गोव्यातील आमच्या समुपदेशन केंद्रात पहिल्यांदा फोन करणारे बरेच जण अडचण सांगण्याआधीच विचारतात, की समुपदेशक ख्रिस्ती आहेत, तर आम्हा हिंदूंना चालेल का. ख्रिस्ती घरांतून नेमका उलट प्रश्न येतो: पाद्रीपाशी कुमसार (पापांची कबुली) करता येतो, मग इथे वेगळे काय मिळणार? दोन्ही प्रश्न रास्त असल्यामुळे त्यांची उत्तरे लेखी देत आहोत.

श्रद्धा समुपदेशकांची आहे. येणाऱ्याने ती स्वीकारावी अशी अट नाही. प्रार्थना होते ती आपण मागितली तरच, आणि बायबलचा संदर्भ निघतो तोही ज्याला तो जवळचा आहे त्याच्यापुरताच. कुमसार हा पापाची कबुली देण्यासाठी असतो. आघात सोसलेल्या व्यक्तीकडे त्या प्रसंगाबद्दल कबूल करण्यासारखे बहुधा काही नसतेच. तिच्यावर अन्याय झालेला असतो, आणि तरीही तीच गुन्हेगारासारखी मान खाली घालून बसते. ही उलटापालट सरळ करणे हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे. गुप्ततेतही कुमसारापेक्षा फरक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला गुप्ततेचा हक्क आम्ही पाळतो. परंतु अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि कोणाच्या जिवाला तातडीचा धोका दिसल्यास आम्ही गप्प राहत नाही. हे पहिल्याच बैठकीत, बोलणे सुरू होण्याआधी, सांगितले जाते.

आघातावरचे काम

अपघात, घरातला अकस्मात मृत्यू, मारहाण किंवा लहानपणीचा अत्याचार यांनंतर काही जणांचे शरीर धोका टळला तरी सावधच राहते: झोप उडते, दार आपटले तरी दचकायला होते, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो. याला मनाचा दुबळेपणा म्हणणे चूक आहे. १९८० मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानसूचीत या विकाराची स्वतंत्र नोंद केली, आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ज्या उपचारांची शिफारस केली त्यांत आघातावर केंद्रित असलेली, विचार व वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती आहे. आम्ही तीच वापरतो.

आधी सुरक्षितता, मग आठवणी, असा क्रम असतो. सुरुवातीच्या बैठकांत घडलेल्या प्रसंगाचा तपशील विचारला जात नाही. दरवाजा दिसेल अशा खुर्चीत बसावे, तळपाय जमिनीला टेकवावेत, खोलीत दिसणाऱ्या वस्तूंची एकेक करून नावे घ्यावीत, श्वास सावकाश सोडावा आणि थांबावेसे वाटेल तेव्हा नुसता हात वर करावा, एवढेच शिकवले जाते. काहींना हे क्षुल्लक वाटते. आमच्या समुपदेशकांना मात्र इथे बायबलच्या जुन्या करारातला एलीया आठवतो: जिवाच्या भीतीने रानात पळालेला हा संदेष्टा मरण मागत झुडपाखाली झोपला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकरी व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि उठवून पुन्हा खायला घातले.

कुटुंबाबरोबर

गोव्यात अनेक घरांतला कर्ता माणूस बोटीवर किंवा आखातात असतो. तो नसताना घर एका पद्धतीने चालते आणि तो रजेवर आला की सगळ्यांच्या जागा बदलतात. त्यातच मूळ घराच्या वाटणीचा वाद असला तर जुनी दुखणी वर येतात. म्हणून आम्ही तीन पिढ्यांचा नकाशा कागदावर काढतो. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, ताणलेल्या नात्यासाठी नागमोडी रेघ, अबोला असेल तिथे मध्ये तोडलेली रेघ. आजोबांनी सख्ख्या भावाशी बोलणे टाकले होते आणि आज दोन भाऊ तेच करीत आहेत, हे कागदावर दिसले की आरोपांचा सूर पुष्कळदा आपोआप खाली येतो.

सगळ्यात अवघड विषय क्षमेचा. समजा, गणेश चवथीला मूळ घरी जायचे म्हटले की एखादी मुलगी दरवर्षी आजारी पडते, कारण जिथे गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधली जाते त्याच खोलीत तिला त्रास दिलेला नातेवाईक बसलेला असतो. घरचे म्हणतात, "झाले ते झाले, आता माफ कर." ख्रिस्ती घरांत हाच आग्रह येशूचे नाव घेऊन होतो आणि म्हणून जास्त जड जातो. आमचे समुपदेशक स्वतः क्षमेवर विश्वास ठेवतात, आणि तरीही ती कोणाकडून मागून घेत नाहीत. क्षमा करणे वेगळे आणि त्या माणसाबरोबर पुन्हा एका पंगतीत बसणे वेगळे. बायबलमधल्या योसेफानेही, ज्यांनी आपल्याला विकले ते भाऊ समोर आल्यावर, ते बदलले आहेत का हे पारखूनच ओळख दिली होती.

घरात मारहाण चालू असेल तर आम्ही पतीपत्नीची एकत्र बैठक घेत नाही, कारण खोलीत बोललेल्या शब्दाची किंमत पत्नीला घरी मोजावी लागू शकते. तेव्हा तिच्याशी एकटीशीच बोलणे होते आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मिळणाऱ्या संरक्षणाची माहिती दिली जाते.

औषधे आम्ही देत नाही. तो अधिकार मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचा आहे, आणि गरज दिसल्यास बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार संस्थेत जाण्याचा सल्ला दिला जातो. देवाचा कौल घेऊन आलात तरी आमची हरकत नाही, मात्र चालू असलेले औषध कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नये.

वैयक्तिक बैठक ५० मिनिटांची असते, कुटुंबाची थोडी लांबते. बोलणे कोंकणीत किंवा मराठीत, जसे जमेल तसे. वेळ ठरवताना फोनवर सगळी हकीकत सांगण्याची गरज नाही. आमचे केंद्र रात्री बंद असते, त्यामुळे तातडीच्या वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर, महिलांनी १८१ वर, मुलांसाठी १०९८ वर आणि जिवाला धोका असल्यास ११२ वर फोन करावा.