गेज घेण्याआधी: किलो, बार, पौंड आणि एमपीए

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या डाइंगवाल्यांची प्रेशर गेजची (दाब मोजायच्या उपकरणाची) मागणी 'किलो'त येते, टायरवाल्यांची 'पौंडा'त, आणि नव्या मशीनच्या पॅनलवर एमपीए छापलेलं असतं. मोजायचा असतो तो दाबच. पण गेज चुकीच्या एककाचं गेलं की परत येतं, म्हणून हे पत्रक.

आपण ज्याला किलो म्हणतो तो एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजनाचा भार. पौंड म्हणजे पीएसआय, एका चौरस इंचावर एक पौंड. एक किलो म्हणजे १४.२२ पौंड, एक बार म्हणजे १४.५ पौंड. मोटारीच्या टायरमधली ३२ पौंड हवा म्हणजे सव्वादोन किलो. मूळ एकक पास्कल, पण ते इतकं लहान की एका बारमध्ये एक लाख पास्कल बसतात; म्हणून गेजवर केपीए (हजार पास्कल) किंवा एमपीए (दहा लाख पास्कल) दिसतं. एक एमपीए म्हणजे १० बार. पॅनलवर ०.६ दिसलं म्हणून हवा कमी आहे असं समजून रेग्युलेटर पिळू नका, ती ६ बार आहे.

किलो आणि बार एकच, असं बरेच फिटर सांगतात. कॉम्प्रेसरपुरतं चालून जातं, कारण फरक दोन टक्क्यांचा आहे. बॉयलरला चालत नाही. अनेक बॉयलरच्या पाटीवर १०.५४ किलो असा विचित्र आकडा असतो. तो जुन्या १५० पौंडांचा हिशेब आहे. तोच आकडा बार समजून सेफ्टी व्हॉल्व्ह लावला तर तो १०.७५ किलोवर उडेल, म्हणजे मर्यादा ओलांडल्यावर. बॉयलरचं गेज बदलताना पाटीवरचं एकक आणि डायलवरची लाल रेघ (कमाल दाबाची खूण) दोन्ही आम्हाला कळवा.

दुसरा घोळ शून्याचा. साधं गेज बाहेरच्या हवेचा दाब शून्य धरतं. वाफेच्या तक्त्यात (कोणत्या दाबाला वाफ किती अंशांची, हे सांगणाऱ्या) बहुतेक वेळा निरपेक्ष दाब असतो, म्हणजे हवेचा दाब मिळवून. गेजवर ७ बार दिसले आणि तक्त्यात ७ समोर पाहिलं तर १६५ अंश मिळतील; वाफ प्रत्यक्षात १७० अंशांची आहे. रंगाची शेड जुळत नाही म्हणून डाय बदलण्याआधी हे एकदा तपासायला हरकत नाही.

साखर कारखान्यांतून व्हॅक्यूम गेजची (पंपाने हवा किती ओढली ते दाखवणाऱ्या) एक तक्रार सीझनला हमखास येते: "पंप चांगला आहे, तरी काटा ७६० ला जात नाही." जाणारही नाही. ७६० मिलिमीटर पारा हा समुद्रसपाटीचा आकडा. सोलापूर सुमारे साडेचारशे मीटर उंचावर आहे, इथे हवेचा दाबच ७२० मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यापलीकडे ओढायला काही उरतच नाही. काटा ७६० दाखवत असेल तर उलट गेज तपासायला आणा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. दहा मीटर उंची म्हणजे एक किलो. गच्चीवरची टाकी नळापासून बारा मीटर वर असेल तर नळाला सव्वा किलोच्या आत दाब मिळेल, टाकी पाचशे लिटरची असो की पाच हजारांची. मोठी टाकी बसवून प्रेशर वाढत नाही, हे आम्ही काउंटरवर रोज सांगतो.

रेंज निवडताना रोजचा दाब डायलच्या मध्यावर किंवा थोडा पुढे येईल असं पाहा. ६ किलोच्या लाइनला १० किलोचं गेज ठीक. काटा सारखा थरथरत असेल तर ग्लिसरीन भरलेलं घ्या. वाफेवर सायफन नळी (पाणी साठवून वाफ थेट गेजमध्ये जाऊ न देणारी वळणाची नळी) लावल्याशिवाय गेज बसवू नका, नाहीतर आतली ट्यूब तापून रीडिंग बिघडतं. आणि जुनं गेज भंगारात टाकण्याआधी सोबत आणा. आटे पाव इंची की अर्धा इंची, हे फोनवर नेहमीच चुकतं.