‘पक्षी अजून दिसतात की!’

एप्रिल २०२५ मध्ये बातमी झळकली: हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला डायर वुल्फ परत आला! प्रत्यक्षात ती पिल्लं राखाडी लांडग्याची होती. १४ जनुकांत मिळून २० बदल केलेली. कारागिरी म्हणून काम झकासच. पण मग ‘जंगल गेलं तरी बिघडत नाही, प्राणी प्रयोगशाळेत पुन्हा करता येतील’ असं म्हणणारे भेटू लागले आणि माझं डोकं फिरलं. करून सोडणार कुठे?

नामशेष म्हटलं की आपल्याला शिकारी आठवतो. जमिनीवरच्या सजीवांना मात्र सगळ्यात मोठा फटका बसतो तो राहायची जागाच गेल्याने. आणि जागा व प्रजाती यांचं गणित त्रैराशिकाने सुटत नाही.

हे गणित माझ्या फार आवडीचं, तेव्हा थोडी आकडेमोड सोसा. प्रजातींची संख्या क्षेत्रफळाच्या एका घाताच्या प्रमाणात वाढते. हा घातांक जागोजागी बदलतो, पण बऱ्याचदा ०.२५ च्या आसपास येतो. म्हणजे क्षेत्रफळाच्या वर्गमुळाचं पुन्हा वर्गमूळ. जंगल १०० टक्क्यांवरून ९० वर आणा: ०.९ चं वर्गमूळ, त्याचं वर्गमूळ, उत्तर ०.९७. जेमतेम ३ टक्के प्रजाती गेल्या. तोडत तोडत १० टक्क्यांवर या: ०.१ चं तसंच केलं की ०.५६. नव्वद टक्के जंगल संपलं, तरी निम्म्याहून जास्त प्रजाती शिल्लक! पण आता उरलेले दहा टक्केही तोडले, की त्या ५६ टक्के एका फटक्यात जातात. पहिल्या दहाची किंमत ३, शेवटच्या दहाची ५६. ‘एवढासाच तर तुकडा आहे’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं. अर्थात हा ढोबळ अंदाज; शेतामळ्यांत तग धरणाऱ्या प्रजाती तो धरत नाही.

शिवाय सूत्र ‘किती’ सांगतं, ‘कधी’ नाही.

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गाटून तलाव भरत गेला आणि १९१४ च्या सुमारास एका टेकडीचा माथा बेट होऊन उरला. बॅरो कोलोरॅडो, सुमारे १५०० हेक्टर. १९२३ पासून संशोधनासाठी राखीव, झाडं जागच्या जागी. तरी पुढच्या दशकांत पक्ष्यांच्या कितीतरी जाती तिथून नाहीशा झाल्या.

समोरचा किनारा दिसतोय, मग नवे पक्षी उडून का येत नाहीत? संशोधकांनी प्रयोगच केला. जंगलातले पक्षी होडीतून तलावात नेले आणि किनाऱ्यापासून १०० ते ३०० मीटरवर सोडले. काही जातींचे पक्षी आरामात पोचले. पण जंगलाच्या तळाशी, सावलीत, या फांदीवरून त्या फांदीवर जाणाऱ्या काहींना १०० मीटरही जमेनात. ते पाण्यात पडले.

म्हणजे बेटावर आहेत तेवढेच. समजा २० जोड्या उरल्या. एका साली पिल्लांत नरच जास्त निघाले, पुढच्या साली पाऊस लांबला, की संपलं. बाहेरून भर नाही. हजारो जोड्या असत्या तर असे चढउतार सहज जिरले असते. त्यात नात्यातच जोड्या जुळतात आणि एरवी दबून राहिलेले सदोष जनुक डोकं वर काढतात. तोड आज, वसुली पन्नास वर्षांनी: शास्त्रज्ञ याला नामशेष होण्याचं कर्जच म्हणतात. तेव्हा ‘पक्षी अजून दिसतात की’ हा पुरावा नव्हे, मुदत आहे.

मुदतीत काही करता येतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पँथर (तिथला प्यूमा, एक मोठं रानमांजर) २०-३० उरले होते. नात्यातल्या जोड्यांमुळे शेपटी टोकाला मुडपलेली, कित्येक नरांत वृषणाचा दोष. १९९५ मध्ये टेक्ससमधून आठ माद्या आणून सोडल्या. मुडपलेल्या शेपट्या विरळ झाल्या, संख्या शंभरावर गेली. आता त्यांच्या नोंदलेल्या मृत्यूंत सगळ्यात जास्त असतात ते रस्त्यावरचे, गाडीखाली येऊन झालेले.