कारागृहात काम आणि प्रशिक्षण: अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात

घरातलं कोणी कारागृहात असेल तर मुलाखतीची मोजकी मिनिटं तब्येत, वकील आणि पुढची तारीख यातच संपतात. त्यात आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा: कामासाठी अर्ज दिला का?

सश्रम कारावास झालेल्यांना अर्जाची गरज नसते. वैद्यकीय तपासणी झाली की प्रकृती, शिक्षण आणि आधीचा धंदा बघून कारखाना, शेती किंवा स्वयंपाकघरात काम दिलं जातं. साधी कैद झालेल्यांवर आणि न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, बंद्यांवर मात्र कामाची सक्ती नाही. त्यांना ते मागून घ्यावं लागतं. आपल्या कारागृहांत बहुसंख्य न्यायाधीनच आहेत, आणि मागायचं असतं हेच अनेकांना कोणी सांगत नाही.

अर्ज अधीक्षकांच्या नावे, साध्या कागदावर. नाव, बंदी क्रमांक, बराक, शिक्षण आणि कोणतं काम किंवा कोर्स हवा ते लिहायचं. लिहिता येत नसेल तर कारागृहातल्या गुरुजींची मदत मागावी. 'शिवण येतं' एवढ्यावर थांबू नये. 'आठ वर्षं शर्ट-पँट शिवल्या, कटिंग येतं' असं लिहिलं की काम वाटणाऱ्याला नेमका अंदाज येतो. प्रत्येक ठिकाणी सगळी कामं नसतात. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात बंद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले, नाशिकरोडला गणेशमूर्ती घडवल्या. आपल्या कारागृहात काय आहे ते आधी विचारून घ्यावं.

नुसत्या कामाला कागद फारसे लागत नाहीत. प्रमाणपत्राच्या कोर्सला साधारणपणे आधार, शाळा सोडल्याचा दाखला किंवा शेवटची गुणपत्रिका, फोटो आणि बँक पासबुक मागतात. हे सगळं घरी पडलेलं असतं, आणि अर्ज इथेच अडतो. झेरॉक्स प्रती कारागृहात जमा करून पोच घ्या, मूळ कागद स्वतःकडे ठेवा. अटकेच्या वेळी आधार पोलिसांकडे जमा झालं असेल तर ते परत मिळण्यासाठी वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करावा. प्रमाणपत्रावर कारागृहाचा पत्ता नसावा, ही विनंतीही अर्जातच लिहावी. सुटल्यावर नोकरी मागताना तो पत्ता नडतो.

2023 च्या वाढीनंतर महाराष्ट्रात कुशल बंद्याला दिवसाला 74, अर्धकुशलला 67, अकुशलला 53 आणि खुल्या (कमी पहाऱ्याच्या) कारागृहात 94 रुपये असे दर ठरले. बंद्यांना न्याय्य मजुरी मिळाली पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच सांगितलं होतं. दिवसभराच्या कष्टाला हे आकडे फारच तोकडे आहेत. तरी याच मजुरीवर कर्जाची सोय उभी राहिली. राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' योजना 1 मे 2022 रोजी येरवड्यात सुरू झाली: 50 हजारांपर्यंत कर्ज, 7 टक्के व्याज, परतफेड मजुरीतून. मुलांची फी, आजारपण किंवा वकिलाचा खर्च यासाठी ते उपयोगी पडतं. त्याची चौकशी अधीक्षक कार्यालयात करावी.

जात बघून झाडलोट किंवा स्वयंपाक वाटून देणं 3 ऑक्टोबर 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने घटनाबाह्य ठरलं आहे. असं घडत असेल, किंवा अर्जाला उत्तरच येत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या. कोठडीतल्या माणसाला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. विधी सेवेच्या 15100 या मदत क्रमांकावर घरच्यांनाही फोन करता येतो.