एचटीएमएलमध्ये चित्राचा आकार ठरवणे

वेबपानावरचे चित्र किती रुंद आणि किती उंच दिसावे, हे पानाच्या एचटीएमएलमध्येच, म्हणजे वेबपान ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिच्यातच, लिहून ठेवण्याची पद्धत. चित्र लावण्यासाठी 'आयएमजी' (img) हा टॅग, म्हणजे ब्राउझरला सूचना देणारी खूण, वापरतात. त्यात 'एसआरसी'समोर (src) फाइलचा पत्ता, 'ऑल्ट'समोर (alt) चित्राचे शब्दांतले वर्णन आणि 'विड्थ' (width) व 'हाइट' (height) यांसमोर रुंदी व उंची देतात. आकडा पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या बारीक ठिपक्यांत, धरला जातो, त्यापुढे एकक लिहायचे नसते. नुसते ४०० पुरते. यात मूळ फाइलला हातही लागत नाही, बदलते ते फक्त पडद्यावरचे माप. शिकणाऱ्याने आधी हे पक्के करावे, कारण पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

हा टॅग मोझेक ब्राउझर घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या मार्क अँड्रीसन यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये सुचवला आणि त्याच ब्राउझरमधून तो लोकांपर्यंत पोहोचला. रुंदी-उंचीची सोय मात्र मागाहून आली. १९९५ च्या एचटीएमएल २.० मानकात ती नव्हती. जानेवारी १९९७ च्या ३.२ मानकात तिला अधिकृत जागा मिळाली. तेव्हाच्या संथ जोडणीवर मजकूर आधी यायचा, चित्रे रेंगाळायची. माप आधी कळले तर ब्राउझर तेवढी जागा मोकळी सोडून मजकूर मांडू शकतो. हे कारण आजही लागू आहे: माप न दिलेल्या पानावर चित्र उतरले की वाचत असलेली ओळ अचानक खाली सरकते.

फक्त रुंदी दिली तर ब्राउझर उंची प्रमाणात काढतो. मोबाइलवर काढलेला ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो ४०० रुंद ठेवला की उंची आपोआप ३०० होते. दोन्ही ठिकाणी ४०० लिहिले तर फोटो बाजूंनी दाबला जातो आणि माणसांचे चेहरे लांबुळके दिसतात. लहान चित्र ताणून मोठे केले तर ते धूसर होते. नसलेला तपशील आकडा वाढवून येत नाही.

याच फोटोचा हिशेब बघण्यासारखा आहे. मूळ फोटोत १ कोटी २० लाख पिक्सेल आहेत, ४०० × ३०० च्या चौकटीत १ लाख २० हजार. म्हणजे दिसतो शंभरावा भाग, पण वाचकाच्या फोनवर उतरते ती अख्खी फाइल, आणि तिचा डेटा वाचकाच्याच पॅकमधून जातो. म्हणून फोटो आधी गॅलरीत किंवा जिंपसारख्या प्रोग्रॅममध्ये खरोखर लहान करावा आणि मगच टॅगमध्ये माप द्यावे. बारीक पिक्सेलच्या पडद्यांवर ४०० च्या चौकटीसाठी ८०० रुंदीची फाइल ठेवली तर चित्र रेखीव दिसते. त्यापलीकडे जाण्याची गरज सहसा पडत नाही.

दुसरा धोका डेटापेक्षा गंभीर आहे. आधार कार्डाचा फोटो टॅगमध्ये इतका लहान केला की क्रमांक वाचता येऊ नये, तरी तो सुरक्षित होत नाही. चित्र नव्या टॅबमध्ये उघडले की मूळ आकारात सगळे आकडे स्वच्छ दिसतात. मूळ फाइल जशीच्या तशी चढवली असेल, तर फोटो कुठे काढला याची नोंदही तिच्यात राहू शकते. लपवायचे ते फाइलमध्येच पुसले पाहिजे.

मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ठरावीक माप चौकटीबाहेर जाते. त्यासाठी सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत) कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची 'ऑटो' ठेवतात. तेव्हाही टॅगमधले दोन्ही आकडे काढून टाकू नयेत: २०१९ च्या अखेरीपासून क्रोम आणि फायरफॉक्स त्यांवरून चित्राचे प्रमाण काढून जागा राखतात.

काही प्रणाली ही कामे स्वतःच करतात. वेबसाइट चालवण्याची वर्डप्रेस ही प्रणाली चित्र चढवतानाच त्याच्या लहान प्रती बनवून ठेवते. सेटिंग बदलले नसेल तर मध्यम प्रत जास्तीत जास्त ३०० पिक्सेलची असते. मराठी विकिपीडियावर चित्राच्या दुव्यात 'इवलेसे' हा शब्द लिहिला की लहान चौकट मिळते आणि सर्व्हर त्या मापाची वेगळी, हलकी फाइल पाठवतो. साध्या 'विड्थ'ने जे होत नाही ते इथे होते: चित्र दिसायलाही लहान आणि उतरायलाही.