उत्तर अमेरिकेतल्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची जुनी छापील चित्रं

अठराव्या शतकापासून साधारण १८४० पर्यंत निसर्ग-अभ्यासाच्या पुस्तकांसाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली प्लव्हर, सँडपायपर, कर्ल्यू वगैरे पक्ष्यांची ही चित्रं. छपाई काळ्या शाईत, रंग नंतर एकेका प्रतीवर हाताने भरायचे, त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत पक्ष्याचा रंग थोडा वेगळा दिसू शकतो.

सुरुवात इंग्रज निसर्ग-अभ्यासक मार्क केट्सबीपासून धरायला हरकत नाही. कॅरोलिना, फ्लोरिडा आणि बहामा बेटांवरचं त्याचं पुस्तक १७३१ ते १७४३ या काळात लंडनला भागाभागाने निघालं, आणि त्याचे २२० चित्रपत्रे बहुतेक त्याने स्वतःच कोरले, कारण बाहेरच्या कारागिरांना द्यायला पैसे नव्हते म्हणून तो एचिंग शिकला. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने ओरखडे काढायचे, मग ॲसिड उघड्या रेघा खातं. बाकी कारागीर सावलीसाठी आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढायचे, याने ती सोडून पिसांच्या कलाने रेघा ओढल्या, वेळखाऊ काम, पण पिसं पिसांसारखी दिसतात. त्याने काढलेला टर्नस्टोन, म्हणजे दगड उलटून खाली खाणं शोधणारा किनाऱ्यावरचा पक्षी, १७२२ च्या प्रवासात फ्लोरिडापासून बऱ्याच लांब, भर समुद्रात जहाजावर येऊन बसला आणि पकडला गेला. पिंजऱ्यात दगड टाकले तर पठ्ठ्या ते उलटत बसला, खाली खायला काहीच नाही, शेवटी मेला. (टर्नस्टोन थंडीत कोकण किनाऱ्यावरही येतो.) आणि त्याने काढलेला किलडिअर, म्हणजे आपल्या टिटवीच्याच कुळातला आणि तितकाच कलकलाट करणारा पक्षी, स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा आधार केट्सबीचाच होता. म्हणजे चित्र नुसतं सजावटीला नव्हतं.

पुढे फिलाडेल्फियात अलेक्झांडर विल्सन, मूळचा स्कॉटलंडचा विणकर, त्याचे अमेरिकेतल्या पक्ष्यांवरचे १८०८ पासून नऊ खंड. कोरणारा मुख्यतः अलेक्झांडर लॉसन. तांबं आणि मजुरी महाग म्हणून एकाच प्लेटवर चार-पाच पक्षी कोंबलेले, कोण कुठे उभा आहे कळत नाही, पण ओळख पटवायला चित्रं चोख आहेत. १८१३ मध्ये विल्सन वारला, शेवटचा खंड त्याचा मित्र जॉर्ज ऑर्डने पुरा केला आणि त्यात विल्सनचं नाव एका प्लव्हरला दिलं.

अमेरिकेतला पक्षी-चित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉनचं काम (१८२७-३८, ४३५ प्लेट) सगळ्यात गाजलं, पक्षी खऱ्या मापाचे, सुरुवातीच्या काही प्लेट सोडल्या तर लंडनच्या रॉबर्ट हॅवेलकडून कोरून घेतलेले, ॲक्वाटिंटमुळे (रेघांऐवजी ॲसिडने सपाट छटा उमटवायची पद्धत) पाणी आणि आभाळाला मऊ छटा. लांब चोचीच्या कर्ल्यूमागे चार्ल्सटन शहर दिसतं, ती पार्श्वभूमी त्याचा मदतनीस जॉर्ज लेमनची. एस्किमो कर्ल्यूच्या जोडीत एक पक्षी चक्क मेलेला पडलाय. ऑड्युबॉनला ते १८३३ मध्ये कॅनडातल्या लॅब्राडोरला भेटले होते, आणि १९६३ नंतर ही जात पक्की कुणालाच सापडलेली नाही. त्या पुस्तकाच्या तांब्याच्या प्लेटांपैकी बहुतेक पुढे भंगारात वितळवल्या गेल्या, सुमारे ८० उरल्यात.